रुसवा, अबोला आणि दुरावा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर पालकवर्गास चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. परीक्षेतील गुणांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून मुलांच्या आणि वडील माणसांच्या मनांत जे अंतर पडते, त्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या भाषेने या अंतराच्या तीन पायऱ्या फार मार्मिकपणे दाखविल्या आहेत: रुसवा, अबोला आणि दुरावा. रुसलेले मूल पानावरून उठून जाते खरे, पण कोणीतरी समजूत काढावयास येईल म्हणून त्याचे कान स्वयंपाकघराकडेच लागलेले असतात. अबोल्यात दोघेही वाट पाहतात; आधी दुसऱ्याने बोलावे, एवढाच हट्ट असतो. दुराव्यात मात्र कोणीच कोणाची वाट पाहत नाही. रुसवा घटकेत निघतो, अबोल्यास दिवस लागतात आणि दुराव्यात आयुष्ये सरतात.

कित्येकांची समजूत अशी की, चांगल्या घरात असे प्रसंगच येत नाहीत. ती खरी नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1975 च्या सुमारास एक प्रयोग केला. तान्ह्या मुलाशी हसतखेळत असलेल्या आईने थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवावयाचा, एवढाच तो प्रयोग. मूल प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. काहीच उत्तर मिळेना, तेव्हा तोंड फिरवते, रडू लागते. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही अबोला कळतो! याच संशोधकांना पुढे असेही आढळले की, सर्वसाधारण सुखी घरातही आई आणि मूल यांचा सूर सुमारे एकतृतीयांश वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ सूर चुकतो आणि पुन्हा जुळविला जातो. तात्पर्य, सूर चुकणे हा अपराध नव्हे. तो पुन्हा जुळविण्यातूनच मुलाचा विश्वास वाढतो.

हे न जमले तर काय होते, याचे उदाहरण थोरामोठ्यांच्या घरातही सापडते. महात्मा गांधींचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांचा जन्म 1888 चा. वडिलांप्रमाणे आपणही विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे, ही त्यांची तीव्र इच्छा. परंतु प्रचलित शिक्षणावर गांधीजींचा विश्वास उरला नव्हता. आणि विलायतेच्या शिक्षणाची संधी आली, तेव्हा ती पुत्राला न देता दुसऱ्यांना देण्यात आली. 1911 मध्ये हरिलाल घर सोडून निघाले. पत्रव्यवहार पुढेही झाला, भेटी झाल्या. पण तुटलेला धागा जुळला नाही. कटनी स्थानकावर हरिलाल गाडीपाशी आले आणि हातातील फळ त्यांनी केवळ कस्तुरबांना दिले, अशी आठवण सांगतात. 1948 च्या जानेवारीत पिता गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत पुत्रही गेला. कोट्यवधी लोकांची मने जिंकणाऱ्या पुरुषास एक मन जिंकता आले नाही! यात दोष कोणाचा, हे ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाही. तत्त्वे कितीही उदात्त असोत, 'माझे म्हणणे ऐकले गेले नाही' ही मुलाची व्यथा त्यांनी भरून येत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आता उपायांकडे वळू. पहिला: पहिले पाऊल वडील माणसाने टाकावे. वयाचा मान वाट पाहण्यात नाही, पुढे होण्यात आहे. दुसरा: चुकले असेल तर 'चुकले' म्हणावे आणि तेथेच थांबावे. 'चुकले, पण तूही...' असे म्हटले की, ती क्षमायाचना न राहता फिर्याद होते. तिसरा: मुलगा बोलू लागला की उपदेश आवरावा. तो न्याय मागावयास आलेला नसतो. आपले दुःख कोणी समजून घ्यावे म्हणून आलेला असतो. चौथा: निरोप्यामार्फत समेट करू नये; निरोपाला वाटेत पाय फुटतात. स्वतः जावे, नाही तर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. पाचवा: उत्तराची घाई नसावी. वर्षांचा दुरावा एका दिवाळीत मिटत नाही. दर आठवड्यास एक फोन, तोही गुण, पगार आणि लग्न हे विषय वगळून, एवढे पुरे. मात्र जेथे मारहाण वा छळ झाला असेल, तेथे ज्याने सोसले त्याच्यावर समेटाची सक्ती कोणी करू नये.

हेच नियम वाटणीवरून बोलेनासे झालेल्या भावांना आणि सासू-सुनांनाही लागू आहेत.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या काही घरांत एखाद्या मुलीचे वा मुलाचे नाव घेतले जात नाही. अपराध एवढाच की, त्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला. आई चोरून फोटो पाहते, वडील तो विषय निघाला की उठून जातात आणि नातवंडांना आजोळ ठाऊक नसते. ज्ञातिसंस्था ही माणसे जोडण्यासाठी असते. तिच्या नावाखाली लेक तुटत असेल, तर संस्थेने आपल्या कार्याचा पुनर्विचार करावयास हवा. म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, पुढील संमेलनाचे निमंत्रण या मुलामुलींना सहकुटुंब जावे. आणि गुणगौरवाच्या यादीत त्यांच्या अपत्यांचीही नावे यावीत. संस्थेने दार उघडले तर 'लोक काय म्हणतील' ही आईबापांची अडचण पुष्कळशी दूर होईल.

तुटेपर्यंत ताणू नये, असे आपले पूर्वज सांगत आले. त्यापुढे आम्ही इतकेच जोडतो की, तुटले तरी गाठ मारण्यास लाजू नये. गाठ हाताला लागते हे खरे, पण दोरी पुन्हा कामास येते.