वसतिगृहांतील प्रार्थना

टेंभुर्णी हें गांव आज जालना जिल्ह्यांत असलें, तरी १९३८ सालीं तें निजामाच्या राज्यांत होतें. तेथील मुलाला राज्यांतच उच्च शिक्षण घ्यावयाचें तर औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज आणि तेथून हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ, ही मुख्य वाट होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाचें माध्यम उर्दू. बहुसंख्य प्रजेच्या तेलुगू, मराठी व कानडी भाषांना तें स्थान नव्हतें. सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागे, आणि स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेपूर्वींच बंदी आली. अशा राज्यांत रयत होती, नागरिक नव्हता.

त्या वर्षीं नोव्हेंबरांत औरंगाबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणूं लागले. अधिकाऱ्यांनीं मनाई करतांच संप झाला, व त्याचें लोण उस्मानियापर्यंत पोंचलें. या गीताविषयीं मुस्लिम समाजांत आक्षेप होते. काँग्रेसनेंही १९३७ सालीं त्याचीं पहिलीं दोनच कडवीं स्वीकारलीं होतीं. परंतु येथें वाद गीताच्या गुणदोषांचा नव्हता. आपली प्रार्थना आपण ठरवावी कीं सरकारनें, हा तो वाद होता.

शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून निघालीं. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शहरांत ठेवणाऱ्या घराला ही शिक्षा किती जड, हें सांगावयास नको. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें, कुलगुरु केदार यांच्या पुढाकारानें, या मुलांना प्रवेश दिला. पुढें १९९१ सालीं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकींच एक. कित्येक जण मुक्तिसंग्रामांत उतरले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली.

या वारशाची कसोटी त्याच औरंगाबादेस लागली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें २७ जुलै १९७८ रोजीं केला. विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्यासाठीं झटला, तर दुसरा विरोधांत रस्त्यावर उतरला. मराठवाड्यांत दलितांच्या वस्त्या जळल्या. विद्यापीठाच्या नांवांत तें नांव येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावें लागलें.

स्वतःसाठीं हक्क मागणें अवघड खरें. तोच हक्क शेजाऱ्यानें मागितला असतां दार उघडणें त्याहून अवघड. १९३८ सालीं नागपूरनें तें उघडलें होतें. मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट विसरतां येणार नाहीं. कारण त्या दारांतून आंत गेलेलीं मुलें त्यांच्याच गांवांचीं होतीं.