ओळखा पाहू!

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



पन्नास वर्षे परमुलखात मराठीचा नंदादीप तेवत ठेवणाऱ्या या मंडळापुढे बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी काही साहित्यिक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहिण्यातच माझी हयात गेली. तेव्हा व्याख्यान न देता मी आपणांस एक कोडे घालतो.

तीन अक्षरांचे एक फूल आहे. पहिले अक्षर काढले, तर जे उरते ते आंघोळीने जाते. मधले काढले, तर जे उरते ते पोटात येते. ओळखा पाहू!

उत्तर आहे कमळ: मळ आणि कळ. मात्र हिंदी मुलखात वाढणारे आपले मूल 'कमल' म्हणाले, की पोटात कळेऐवजी 'कल' येतो आणि कोडे फसते. 'ळ' कशासाठी म्हणावा, हे व्याकरणाच्या तासापेक्षा असे फसलेले कोडे मुलाला लवकर पटवते.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझी बदली लखनौला झाली, तेव्हा माझी कन्या दहा वर्षांची होती. तिच्या मराठीत हिंदी मिसळू लागले. हाताखालच्या कारकुनाचे टिपण तांबड्या शाईने दुरुस्त करावे, तसे मी तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त करी. परिणाम असा झाला, की ती माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली आणि पुढे पुढे माझ्याशी बोलणेच टाळू लागली.

त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे राहावयास आली. रात्री दिवे गेले, की ती नातीला उखाणे घाली. उखाणा म्हणजे केवळ नाव घेणे नव्हे. कोड्यालाही उखाणाच म्हणतात, आणि गोव्याकडे त्यालाच हुमाण म्हणतात. आई तिची चूक कधी काढीत नसे. 'हरलीस का ग?' एवढेच विचारी.

एके रात्री कन्येने आपण होऊन मला विचारले, "बाबा, शाळेत ती मिळावी म्हणून तुम्ही फी भरता, घरी मात्र तीच मला फुकट मिळते. ओळखा पाहू!" मी हरलो. ती म्हणाली, "शिक्षा!"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. आम्ही सारे हसलो. पण कोड्याचा रोख कोणाकडे होता, हे मला पुरते उमगले. दुसऱ्या दिवसापासून तांबडी शाई मी कचेरीतच ठेवू लागलो.

मित्रहो, दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या मुलालाच असे कोडे सुचावे. ज्याला आपण भेसळ म्हणतो, त्यातूनच ते निपजले होते.

पुढे आम्ही मोरोपंतांकडे वळलो. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशेआठ रामायणे रचली, असे सांगतात. त्यांपैकी एक 'निरोष्ठ', म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ जुळवणारी अक्षरे टाळून रचलेले. म्हणजे रामायणात 'राम' म्हणावयाचीच चोरी! आम्ही जेवताना तसेच बोलू लागलो. बाबा, मामा, मामी, मावशी एकदम बाद. आई, आजी, काका, आत्या तेवढी राहिली. कन्येला विनोद सापडला, मला माझी कन्या सापडली.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. दर मासिक सभेत पंधरा मिनिटे कोड्यांना द्यावीत. प्रत्येक मुलाने स्वतः रचलेले एक कोडे आणावे आणि वडीलधाऱ्यांनी मधूनमधून मनापासून हरावे. चुका काढण्याचे काम तूर्त तहकूब ठेवावे.

जाता जाता शेवटचे कोडे. ओठाला ओठ न लावता 'मराठी' म्हणता येते का, हे घरी सर्वांनी मिळून करून पाहा. एकट्या 'मी'लाही तिथे प्रवेश नाही. 'घर' मात्र सहज म्हणता येते.