बॅट ठेवली, माईक घेतला

आज ऐकूया मैदानातून समालोचनाकडे वळलेल्या संजय मांजरेकरांविषयी.

वडील विजय मांजरेकर नामवंत कसोटीपटू, त्यामुळे तुलना जन्मापासूनच मागे लागलेली. संजय यांनी 1987 मध्ये कसोटी पदार्पण केलं. 1989 च्या पाकिस्तान दौऱ्यात त्यांनी चार कसोटींत 569 धावा काढल्या. लाहोरला 218 वर ते धावबाद झाले; गोलंदाजांना काही ते सापडले नाहीत! तंत्र इतकं नेटकं की पुढचे गावसकर हेच, असं लोक बोलू लागले. ते ओझं जडच ठरलं. 37 कसोटी आणि 2043 धावांवर 1996 मध्ये कसोटी कारकीर्द थांबली.

मग माईक हाती आला. खेळाडूचा समालोचक होणं जगभर चालतं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये कॉलिंगवूड क्लबला 1953 चं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार लू रिचर्ड्स पुढे तिथल्या माध्यमांतून घराघरांत पोहोचला. तो विनोदी, मांजरेकर रोखठोक. 2019 च्या विश्वचषकात त्यांनी रवींद्र जडेजाला थोडं हे, थोडं ते करणारा खेळाडू म्हटलं. उपांत्य सामन्यात जडेजाने 77 धावा ठोकल्या, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने दादही दिली. पुढच्याच वर्षी भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना समालोचकांच्या यादीतून वगळलं.

माझ्या मते समालोचकाने गोडच बोलावं, ही अपेक्षा चुकीची आहे. पुढचा सामना ऐकताना स्तुतीपेक्षा विश्लेषणाकडे कान द्या.