पाण्याची पाळी आणि मत

2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, आडतीवर हाती पडत होते चार हजारांच्या आसपास. अशा वर्षी मताचं काय घेऊन बसलात, असं बीड, गेवराई, धारूरकडची माणसं विचारतात. कोणीही निवडून आलं तरी आमच्या हाती ऊसतोडीचा कोयताच, म्हणतात. वैताग कळतो मला. पण पटत नाही.

सामाईक विहिरीवर आपली पाण्याची पाळी असते. पाऊसकाळ चांगला असला तर एखादी चुकली म्हणून कोणी हळहळत नाही. पण विहीर तळाला गेली की रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन आपण मोटर चालू करायला जातो. पाणीच कमी, कशाला जायचं, असं कोणी म्हणतं का? आपण गेलो नाही तर शेजारी ते पाणी त्याच्या उसाला घेतो. दोन-तीन हंगाम असंच गेलं की पाळीच त्याची होऊन बसते. मताचंही तेच आहे, दादांनो. ओढीच्या वर्षी तर पाळी सोडायचीच नाही.

2024 ला उसाचं गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं. म्हणजे ऐन मतदानाला ऊसतोड टोळ्या कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडात. मताला गावी यायचं तर रात्रभराचा प्रवास, वर कामावर खाडा पडला की मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची लांबते. (मुंबईच्या कुलाब्यात 2019 ला शंभरातले जेमतेम चाळीस मतदानाला आले. त्यांना कसली उचल फेडायची होती? असो.)

या खाड्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135 ब ध्यानात ठेवा. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवरच्यालासुद्धा. मोडणाऱ्याला दंड 500 रुपयांपर्यंतच, हे मला फार खटकतं. त्यात कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो कारखान्याचे. मग सुट्टी द्यायची कोणी? यावर खरं तर...

वेळ संपत आल्याची खूण झाली. परगावाहून मत देता येईल अशा यंत्राचा नमुना निवडणूक आयोगानं केला, 2023 च्या जानेवारीत पक्षांना बोलावलंही. तो विषय राहिला. पुन्हा सांगतो, सुट्टी हक्काची आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन मतं. तेव्हा बायांनो, तुम्हीसुद्धा विचारा. टोळी गाडीत बसायच्या आत, मतदानाच्या आदल्या रात्री परत यायला गाडी कोणाची आणि खाडा धरणार का, हे मुकादमाकडून चारचौघांत वदवून घ्या.