आधी जाळं बघा, मग कोळी

पाऊस ओसरू लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या रानवाटांवर एक कोळी हमखास आडवा येतो. लांबट काळं अंग, त्यावर पिवळ्या रेघा, आणि पाय पसरले की तळहात भरेल एवढा पसारा. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विषारी आहे का? माणसाला भिण्यासारखं त्यात काही नाही. दुसरा प्रश्न नावाचा. त्याचं निम्मं उत्तर जाळ्यातच मिळतं.

उन्हात सोनेरी चमकणारं, मीटरभर रुंद, मध्यबिंदू वरच्या बाजूला सरकलेलं जाळं असेल तर तो नेफिला पिलिपेस, म्हणजे जायंट वूड स्पायडर. फाब्रिसियसने 1793 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. चिकट धागे विणण्याआधी कोळी परांचीसारखे बिनचिकट फेरे घालतात. इतर बहुतेक जण काम होताच ते काढून टाकतात. नेफिला ते तसेच ठेवतो. जाळंही तो रोज मोडत नाही, फाटलेला भाग तेवढा नव्याने विणतो.

मोठी दिसते ती मादी. तिच्या अंगाची लांबी तीन ते पाच सेंटिमीटर. जवळच पाच-सहा मिलिमीटरचा तांबूस जीव दिसला तर ते पिल्लूच असेल असं नाही. बहुधा नवरोबा असतात! चंदेरी ठिपक्याएवढे आर्गायरोडीस कोळीही तिथे वावरतात, पण ते निव्वळ फुकटे. बाईंच्या जाळ्यात अडकलेल्या बारीक किड्यांवर डल्ला मारतात.

नेफिलाच्याच कुळातल्या मादागास्करच्या दहा लाखांहून अधिक कोळ्यांच्या धाग्यांचं सोनेरी वस्त्र 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं होतं. धागा काढून कोळी परत सोडून दिले होते.

निपाणीकडे रान उघडं होतं, पाऊस कमी होतो. तिथे बांधावरच्या झुडपांत, घायपाताच्या कुंपणात आर्जिओपी शोधावा. जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी, आणि त्यावर दोन-दोन पाय जुळवून फुलीसारखा, डोकं खाली करून बसलेला कोळी. सिग्नेचर स्पायडर हे नाव या नक्षीमुळेच. ती किडे ओढायला, पक्ष्यांना दिसायला की लपायला, यावर अभ्यासक अजून भांडतात. हलकेच डिवचलं तर तो जाळ्यासकट थरथरतो.

संध्याकाळी अंगणात जाळं होतं आणि सकाळी गायब, अशी तक्रार असेल तर संशय निओस्कोनावर घ्यावा. तो रात्री विणतो, पहाटे जाळं गिळून पानाआड दडतो.

नावांचाच विषय निघाला आहे तर हेही एक: कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या रानात सापडलेल्या एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरीचं वर्णन 2016 मध्ये जावेद अहमद, राजश्री खलप आणि सुमुख जे. एन. यांनी प्रसिद्ध केलं. सात मिलिमीटरचा हा गोल जाळ्याचा कोळी वाळक्या पानासारखा दिसतो, आणि त्याचं नाव हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या टोपीचा मूळ मालक ग्रिफिंडोर याच्यावरून आलं आहे.