विषय द्या, तारीख द्या



‘नोकरी सांभाळून लिहितेस कधी?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. स्फूर्तीची वाट पाहिली असती तर एक ओळ झाली नसती. मला लिहितं ठेवलं ते दिवाळी अंकांनी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकावर ही गोड टांगती तलवार आहे. पुढे १९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाली आणि इंटरनेटवरही दिवाळी अंक निघू लागले.

आमचा लिहिणाऱ्यांचा असाच एक ऑनलाइन गट आहे. बहुतेकींना मी प्रत्यक्ष भेटलेलेही नाही. अंकाला एकच विषय असतो. एका वर्षी ‘पाणी’ होता. ‘काहीही लिही’ म्हटलं की मी कोऱ्या पडद्याकडे बघत बसते. ‘पाणी’ म्हटल्यावर वाड्यातला नळ, पहाटेची हंड्यांची रांग आणि त्या रांगेत आईने केलेली भांडणं आठवली. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एरवी तिच्यावर लिहायला मी धजले नसते. नळाच्या आडून लिहिता आलं. कच्चा लेख वाचून एकीने एवढंच कळवलं, ‘भांडण अजून हवं.’ दहा ‘छान छान’पेक्षा ते कामाचं. त्या रात्री दोन पानं वाढली.

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात पुष्कळ झालं. मी विषय देते : ‘मधली सुट्टी’. तीनशे शब्द, गणपतीच्या आत. शुद्धलेखन मराठीच्या बाई तपासतील. त्यांनी आत्ताच मान हलवली आहे.