लोकरीची हौस



हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. लोकरीच्या हौसेला मात्र मोल असते, आणि दुकानदार ते गुंड्यागणिक मोजून घेतो. कॉलेजात शिकवणारा माणूस लोकरीवर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. मला स्वतःला एक टाकाही घालता येत नाही. पण माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली आणि लेकीचे दिवस भरत आले तसे तिने विणायला शिकायचे मनावर घेतले. बाळंतविड्यात टोपडे, मोजे आणि स्वेटर आपल्या हातचे हवेत, एवढीच तिची इच्छा. त्यामुळे हा सगळा व्यवहार मला अगदी जवळून पाहायला मिळाला.

पहिल्या आठवड्यात 10 नंबरच्या सुयांची एक जोडी आणि पिवळ्या लोकरीचा एक गुंडा, एवढाच संसार होता. शेजारच्या काकूंनी सुलट टाका दाखवला, मग उलट दाखवला. सुलट-उलट हाताला बसेपर्यंत एक वीतभर पट्टी झाली. इथवर ठीक. मग ताई तालुक्याच्या गावी गेली आणि 8 पासून 14 नंबरपर्यंतच्या जोड्या घेऊन आली. पुढे बांबूच्या सुया आल्या. दोन टोके प्लॅस्टिकच्या दोरीने जोडलेली गोल सुई आली. ओळी मोजायचे चिमुकले यंत्र आले, टाके अडकवून ठेवायच्या मोठ्या पिना आल्या. लोकरीचे तर विचारू नका. आंबा रंग, मोरपंखी, अबोली... पत्र्याची एक ट्रंक भरली.

दाजी म्हणाले, "अहो, दुकान काढायचं आहे का?"

ताई म्हणाली, "सोनाराला विचारता का, एवढ्या हातोड्या कशाला म्हणून?"

सोनार त्या सगळ्या हातोड्या वापरतो, हे दाजी मनातल्या मनात म्हणाले असावेत.

मला या खरेदीचे हसू येत नाही. माणूस नवी विद्या शिकू लागला की तिची हत्यारे त्याला गोड वाटतात. पोराला पहिली कंपासपेटी मिळाली की ते ती रात्री उशाशी घेऊन झोपते, भूमितीची गोडी पुढे कधीतरी लागते. आणि लोकर हाताळण्यात, रंगाशी रंग लावून पाहण्यात एक सुख आहेच. मात्र लोकर जमवणे आणि लोकर विणणे हे दोन वेगळे छंद आहेत. ते एका घरात सुखाने नांदतात. फक्त एकाचे काम दुसऱ्याने केले असे समजू लागलो, की पंचाईत होते.

आता सुयांच्या नंबराचीच गंमत पाहा. आपल्याकडे चालतो तो जुना इंग्रजी हिशोब. त्यात आकडा मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड, 10 नंबरची सव्वातीन, 14 नंबरची 2. अमेरिकेत याच्या बरोबर उलट, आकडा वाढला की सुई जाड होते. तिकडची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. ताईने मोबाइलवर अमेरिकन बाईंचे टोपडे पाहिले, 8 नंबर म्हणताच आपली 8 नंबरची सुई घेतली आणि टाके त्यांनी सांगितले तेवढेच घातले. टोपडे झाले ते नारळाला बसेल एवढे. तेव्हापासून ती नंबर सोडून मिलिमीटर पाहते. आणि मुख्य म्हणजे आधी दहा सेंटीमीटरचा एक चौकोन विणून त्यात किती टाके बसतात ते मोजते. हा चौकोन विणायचा नवशिक्याला फार कंटाळा येतो.

लोकरीचेही तसेच. बाजारात जिला आपण लोकर म्हणतो, तिच्यातली पुष्कळशी लोकर मेंढीच्या अंगावर कधी नव्हतीच. ती अ‍ॅक्रिलिक असते, कारखान्यात रसायनांपासून केलेली. ओळखायची खूण सोपी. एक तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि मागे चुरडणारी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. अ‍ॅक्रिलिक वाईट असे मी म्हणत नाही. ते स्वस्त पडते आणि धुवायला सोपे. पण ते घालून चुलीपाशी बसू नये. खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुतली तर आटते आणि जमून जाते, कारण तिच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. मागावर तिचे घोंगडे उत्तम होते, धनगराच्या पाठीवर ते पावसाळाच्या पावसाळे काढते. ताईने तीही आणून पाहिली. बाळाच्या अंगाला ती टोचणार हे उघड होते. तिचे बसायला आसन केले, ते दाजींनी लगेच ताब्यात घेतले.

स्वेटरची कथा जरा दुःखाची आहे. दोन्ही बाह्या झाल्या, पाठ होत आली आणि लोकर संपली. दुकानातून तोच रंग आणला, पण तो दुसऱ्या घाण्यात रंगवलेला होता. पाठीवर आडवा पट्टा उठून दिसू लागला. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या घाण्याचा नंबर छापलेला असतो, तो जुळवून सगळी लोकर एकदमच घ्यायची असते, हे तिला तेव्हा कळले. या धड्याचा परिणाम असा, की ती प्रत्येक रंगाचे दोन गुंडे जास्त आणू लागली. साठ्याला शास्त्राधारच मिळाला! या सगळ्यात नात जन्मली, आणि ट्रंकभर लोकर घरात असताना ती दवाखान्यातून घरी आली विकतच्या स्वेटरात. ताई त्या दिवशी काही बोलली नाही.

महिन्याभराने तिने तो पट्ट्याचा स्वेटर उसवला. शिवणाचे कापड एकदा कापले की कापले. विणकामात तसे नाही, टाका टाका मागे जाता येते. उसवलेल्या लोकरीच्या तिने लडी केल्या, त्या पाण्यात भिजवल्या, खाली हलके वजन बांधून वाळत घातल्या. तिच्यातल्या वळ्या गेल्या. मग दोन्ही घाण्यांच्या लोकरीच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून घेत तिने वर्षाच्या मुलीच्या मापाचा स्वेटर विणला. फरक कुठे दिसत नाही. लागल्या दोनच जोड्या, 10 आणि 12 नंबर.

1962 साली चीनशी युद्ध झाले तेव्हा बायकांनी आणि शाळकरी मुलींनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. त्यांच्यापुढे कुठे एवढी निवड होती?

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. कार्यानुभवाच्या तासाला सुया विकत आणायची गरज नाही. सायकलच्या चाकाची तार साधारण 2 मिलिमीटरची, म्हणजे आपली 14 नंबरचीच सुई झाली. लहान हातांना ती फार बारीक पडते. त्यापेक्षा बांबूच्या 4-5 मिलिमीटर जाडीच्या काड्या काढाव्यात, पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात, थोडे तेल चोळावे. मुलगे आणि मुली, दोघांनाही शिकवावे. गणिताच्या गुरुजींचीही सोय होते. दहा सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसतात, डोक्याचा घेर 50 सेंटीमीटर, तर टोपीला टाके किती? 110. पण दोन सुलट, दोन उलट अशी वीण हवी असेल तर टाके चारच्या पटीत हवेत. मग 108 घ्यायचे की 112? वर्गात यावर भांडण होते, आणि ते होऊ द्यावे.

ताईच्या जुन्या शाळेत हा तास सुरू झाला आहे. शनिवारी ती स्वतः जाते. 10 नंबरच्या तीन जोड्या तिने शाळेला देऊन टाकल्या. चौथी मागितली तर म्हणाली, "ती राहू दे, तिच्यावर काम चालू आहे."